पिंगळ्यांच्या मुलखातली तहान

“मामी, तो तांब्या द्या इकडे. मागं डिकीत ठेवतो,” जावईबापू म्हणाले.

“राहू द्या. मांडीवर बरा आहे.”

“सांडेल.”

“गाडी नीट चालवली तर कशाला सांडतोय?”

नाशकाच्या स्टँडाबाहेर, ऐन एप्रिलच्या उन्हात आमचं हे चाललं होतं. तांब्या माझा, पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा. पारनेरहून निघताना आमच्या आडाचं पाणी काठोकाठ भरून घेतलं होतं. एका हातात तो आणि दुसऱ्या हातात दशम्यांचं गठुडं. पमीकडे जायचं म्हणजे हा संसार माझ्याबरोबर असायचाच.

पमी म्हणजे प्रमिला, माझी एकुलती लेक. दिगंबर पिंगळे तिचे यजमान. तेव्हा लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरचं पाणी आईबापानं तोंडी लावायचं नाही. माझी आई माझ्या घरचं पाणी प्याली ती माझा थोरला जन्मल्यावर. तिच्या आईनंही तेच केलं. म्हणून मी सकाळी यायची, आपलं पाणी प्यायची, आपल्या दशम्या खायची आणि ऊन कललं की निघायची. आजूबाजूच्या पुष्कळ जणींनी ही रीत कधीच सोडून दिली होती. सोडणाऱ्या सोडोत. मी चौथी शिकलेली बाई. माझ्याजवळ मिरवायला पदवी नव्हती, दागिने नव्हते. एकदा धरलं ते सोडलं नाही, एवढंच होतं.

गाडीत मागं विहीणबाई बसल्या होत्या. द्वारकाबाई. बाई अंगानं भरलेली, त्यामुळं मागच्या सीटवर माझ्या वाट्याला नेहमी दार आणि त्याची कडी येई.

“आलात का विहीणबाई? पाण्यासकट?” त्यांनी विचारलं.

“पाण्यासकट.”

“आमच्या नाशकात धरणं आहेत हो चिक्कार.”

“असू देत. आमच्याकडे नाहीत म्हणून तर एका तांब्यावर दिवस काढता येतो आम्हाला.”

पुढच्या सीटवरून पमी वळली. “आई, आल्या आल्या सुरू करू नको. आणि आज तरी पी गं. माझ्यासाठी पी.”

“का? आज काय आहे?”

“आज पहिला रविवार आहे आमचा.”

म्हणजे असं, की जावईबापूंनी दिंडोरीच्या पुढं, आपल्याच द्राक्षबागेत, दोन वर्षांपूर्वी एक शेड घातली होती आणि त्यात वाईन करायला घेतली होती. लहानसं काम. स्टीलच्या चार टाक्या, लाकडी पिंपं, झालं. मुंबईची माणसं शनिवार-रविवारी गाड्या काढून अशा जागा धुंडाळत हिंडतात म्हणे. ती येतात, चव बघतात, फोटो काढतात, बाटल्या घेऊन जातात. त्या रविवारपासून जावईबापूंनी त्यांच्यासाठी चव बघायची खोली उघडली होती. पमीनं मला फोनवर सांगितलं होतं, “तू आलंच पाहिजेस. मला बोलायचंय तुझ्याशी.”

लेक नऊ वर्षांनी बोलायचंय म्हणते, तर आई काय समजेल? मी समजले, बातमी आहे. नाहीतर दारूच्या कारखान्याच्या उद्घाटनाला मी पारनेरहून कशाला आले असते! गाडी निघाली तशी मी मागून मान वाकडी करकरून तिच्या पोटाकडे बघत होते. पण पुढच्या सीटच्या पाठीआडून काय दिसणार?

“बातमी आहे ना काही?” मी विचारलंच.

“तिथं पोचल्यावर बोलू.”

“मग पाण्याचंही तिथं पोचल्यावर बघू.”

आता खरं सांगायचं तर मला तेव्हाच तहान लागली होती. सिन्नर सोडताना एसटीत मी दशमी खाल्ली होती, बरोबर ठेचा. यंदाच्या मिरच्या भलत्याच जहाल निघाल्या होत्या. पण दिवस पुरायला हवा म्हणून मी पाणी राखून ठेवलं होतं.

“सरळ नाही जायचं, मामी,” जावईबापू म्हणाले. “आम्ही दोघं दर रविवारी असंच भटकतो, रस्त्यावरच्या गमती बघत. आधी तुम्हाला बसमधला महादेव दाखवतो.”

बसमधला महादेव म्हणजे खरोखरच बसमधला. रस्त्याच्या कडेला एक जुनी एसटी, चाकं नसलेली, जोत्यावर चढवून ठेवलेली. ड्रायव्हरच्या जागी पिंड. भाविकांनी आत सीटवर बसायचं. पुजाऱ्याच्या गळ्यात कंडक्टरची कातडी पिशवी, तिच्यात बेल, भस्म आणि खडीसाखर. आम्ही चढलो तसा तो ओरडला, “पुढं सरका, पुढं सरका! दारात थांबू नका, आत जागा आहे!”

आत आम्ही चौघंच होतो.

“एक घंटी झाली की डोळे मिटायचे,” त्यानं सांगितलं. “दोन घंट्या झाल्या की उतरायचं.”

त्यानं दोरी ओढली. टिंग. मी महिलांसाठी राखीव सीटवर बसून डोळे मिटले. काय मागितलं ते तुम्हाला सांगायला नको. मागून झालं, डोळे उघडले, तर मांडी हलकी लागली. तांब्या नव्हता. पुढं बघते तर द्वारकाबाई पिंडीपाशी उभ्या, माझा तांब्या दोन्ही हातांनी उंच धरलेला, आणि ‘हर हर महादेव’ करत त्यातली शेवटची धार सोडताहेत.

“अहो, अहो, अहो!” मी ओरडले.

“काय झालं?” त्या वळल्या. “अभिषेकाचंच ना? म्हटलं तुमचे गुडघे दुखतात, तुम्हाला वाकवायचं नाही. मीच घातलं.”

“पारनेरचं पाणी!” पुजारी म्हणाला. “एवढ्या लांबून! देवानं घेतलं, माउली.”

आता देवाच्या तोंडावर कसं म्हणू, की ते तुझ्यासाठी नव्हतं? मी हात जोडले. त्यानं पळीभर तीर्थ माझ्या तळव्यावर घातलं. माझंच पाणी, आणि मलाच पळीभर.

“पुजारीबुवा, साधं पाणी आहे का इथं?”

“आहे की! पाईपच टाकलाय. पिंगळ्यांच्या मळ्यातून.”

जावईबापू खाली बघू लागले. पुजाऱ्यानं दोन घंट्या दिल्या. आम्ही उतरलो.

“मामी, तो मळा आमच्या चुलत्यांचा,” गाडीत बसल्यावर जावईबापू म्हणाले. “आमचा नाही.”

“चुलता म्हणजे तुमचा कोण? शेजारी?”

पुढं एक रसवंती लागली. तीसुद्धा नवलाचीच. चरकाला बैल नाही, मोटार नाही. एक जुनी स्कूटर खांबाला बांधून ठेवलेली, तिच्या मागच्या चाकावरून पट्टा चरकाला लावलेला. मालक स्कूटरवर बसून गियर टाकायचा आणि रस यायचा. गिऱ्हाईक जास्त झालं की तो तिसरा गियर टाकी. मला इतकं हसू आलं की घसा कोरडा पडल्याचंही विसरले. उसाचा रस काही पाणी नाही, आणि हा कोणी परका माणूस. मी पदर सावरून बाकावर बसले.

“द्वारकामावशी!” मालक स्कूटरवरूनच ओरडला. “या या! पाव्हण्याही आहेत वाटतं?”

मी बाकावरून उठले.

“आता काय झालं?” द्वारकाबाई म्हणाल्या. “हा माझ्या बहिणीचा मुलगा. माझ्या माहेरकडचा. पिंगळ्यांचा काय संबंध?”

“तुम्ही माझ्या लेकीच्या सासूबाई आहात ना?”

“आहे.”

“मग तुमचं माहेरही तिच्या सासरातच आलं.”

“अहो, असं कुठं लिहिलंय?”

“तुम्ही रुसून माहेरी गेलात तर माझ्या लेकीला तुम्हाला आणायला यावं लागतं की नाही?”

“यावं लागतं.”

“मग झालं.”

त्या तिघांनी रस घेतला. आलं-लिंबू घालून, बर्फ टाकून. द्वारकाबाईंनी तर माझ्याकडं बघत बघत दुसरा ग्लास घेतला. त्यांचा भाचा म्हणाला, “मावशी, पाव्हण्यांचा उपवास आहे का?”

“उपवास नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बाणा आहे.”

पमी हसली नाही. तिनं ग्लास अर्धाच पिऊन खाली ठेवला. ते माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ वेगळाच लावला. मला वाटलं, तिला मळमळतंय.

मग विमान आलं. सिमेंटचं. एका हॉटेलवाल्यानं गच्चीवर बांधून घेतलेलं, पंखांखाली टेबलं मांडलेली. जिन्यानं वर चढायचं, विमानात बसायचं, मिसळ खायची. मी दाराशीच विचारलं, “तुमचं आडनाव काय?”

“साळुंके,” तो म्हणाला.

“पिंगळ्यांचं काही?”

“काही नाही हो. मी धुळ्याकडचा.”

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. विमानात बसले. “पाणी द्या,” म्हटलं. त्यानं बंद बाटली आणून दिली, थंडगार, अंगावर घाम आलेली. झाकण फिरवलं, कडकड आवाज झाला. आता मला सवय अशी, की हातात अक्षर आलं की ते जुळवून बघायचं, शिकलेलं विसरू नये म्हणून. वर मोठ्या अक्षरात ‘गोडझरा’ होतं. खाली बारीक होतं. पिं… ग… ळे… बं… धू.

मी झाकण परत लावलं.

“मामी,” जावईबापू रडकुंडीला आले, “ते फार लांबचे आहेत हो. पाच पिढ्यांमागं आजे सख्खे होते. आम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नाही धड.”

“त्यांच्यात कुणी गेलं तर सुतक धरता का?”

ते रुमालानं मान पुसू लागले.

“धरता का?”

“धरतो.”

“मग तुमचेच.”

“विहीणबाई,” द्वारकाबाई म्हणाल्या, “अशानं तुम्हाला पाऊससुद्धा पिता यायचा नाही. तो आमच्याच बागांवर पडतो.”

“एप्रिल आहे. पावसाचं नंतर बघू.”

असं करत आम्ही वायनरीवर पोचलो तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मी बोलत नव्हते, म्हणून तिघंही घाबरले होते.

शेड मात्र सुरेख होती. थंड, आंबूस वासाची. चव बघायच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, उंच दांड्याचे ग्लास. सात-आठ माणसं मुंबईहून आलेली. त्यांत एक टोपीवाले गृहस्थ होते, गळ्यात चष्मा अडकवलेला. ते ग्लासात नाक घालून इतका वेळ उभे राहत, की मला वाटलं डुलकी लागली. जावईबापू टेबलामागं उभे राहिले, बाटली उघडली, आणि प्रत्येकाच्या ग्लासात घोटभर ओतलं. एवढा मोठा ग्लास आणि तळाला एवढंसं! आमच्याकडं पाव्हण्याला असं दिलं तर तो परत येत नाही.

“ग्लास फिरवायचा,” जावईबापू सांगू लागले. “वास घ्यायचा. मग तोंडात घ्यायचं, जिभेवर घोळवायचं, आणि हे इथं टाकायचं.” त्यांनी टेबलावरच्या एका पितळी भांड्याकडं बोट केलं.

मी पुढं सरकले. “टाकायचं म्हणजे?”

“थुंकायचं, मामी. ज्यांना चवच बघायचीय ते गिळत नाहीत.”

“गिळत नाहीत?”

“नाही.”

“आणि पाणी घालता का यात?”

“एक थेंब नाही! नुसतं द्राक्ष!”

मी विचार केला. हे पाणी नव्हे. आणि गिळायचं नाही म्हणजे हे पिणंही नव्हे. नऊ वर्षांत रीतीला एवढी भोकं मला एकदम कधी दिसली नव्हती.

“ओता,” मी म्हणाले.

“आई?” पमी म्हणाली.

“विहीणबाई! दारू?” द्वारकाबाईंनी छातीवर हात ठेवला.

“पितेय कुठं? थुंकतेय.”

मी तोंड भरून घेतलं. काय सांगू! तोंडात सगळीकडं गारवा पसरला. जीभ टाळ्यापासून सुटली. मी ती वाईन गालातून गालात फिरवली, दातांतून काढली, पुरेपूर ओलावा घेतला आणि हातभर लांबून, कापडावर एक थेंब न पाडता, सरळ त्या भांड्यात सोडली. मी जन्मभर मशेरी लावलेली बाई आहे. पिकदाणीवर नेम धरायला मला कुणी शिकवायला नको.

टोपीवाल्या गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“कशी वाटली?” त्यांनी मला फार अदबीनं विचारलं.

“ओल्या गोणपाटात कैऱ्या ठेवल्यासारखी.”

त्यांनी घाईनं ग्लासात नाक घातलं. “कैरी! अगदी बरोबर! कैरीच आहे!” बायकोकडं वळून ते म्हणाले, “आणि गोणपाट मला लागलंच नव्हतं.”

दुसरी बाटली आली, तांबडी. मी तीही तोंडात फिरवली आणि सोडली.

“ही?”

“दूध उतू जाऊन चुलीत पडलंय.”

“वा!” टोपीवाले म्हणाले आणि त्यांनी ती बाटली बाजूला काढायला सांगितली. मग तिसरी आली. तिला मी, पाव्हणे गेल्यावर सकाळी उरलेल्या चहासारखी आहे म्हणाले. तिच्याही बाटल्या गेल्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघू लागले. मी काय म्हणते याची वाट बघू लागले. जावईबापू आनंदानं लाल झाले होते.

हे द्वारकाबाईंना सोसवेना. नाशकात, त्यांच्याच मुलाच्या शेडमध्ये, मान पारनेरला चालला होता. त्यांनीही एक ग्लास उचलला. पण थुंकणं त्यांना जमेना. चारचौघांत लाज वाटे. भांड्याजवळ तोंड न्यायच्या, इकडंतिकडं बघायच्या आणि गिळून टाकायच्या. असं पहिल्या बाटलीचं झालं, दुसरीचं झालं, तिसरीचं दोनदा झालं.

“अशीच आहे,” त्या प्रत्येक वेळी म्हणत. “बरी आहे.” यापुढं त्यांना काही सुचत नव्हतं. आणि मग त्यांचा पदर डोक्यावरून घसरला आणि त्यांनी तो वर घेतला नाही. नऊ वर्षांत मी त्यांचं उघडं डोकं पहिल्यांदा बघितलं. केस पार पांढरे झाले होते.

“विहीणबाई,” त्या टेबलाला धरून म्हणाल्या, “थुंका. थुंकत बसा. तुम्हाला या घरचं पाणी काही मिळायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.”

“आत्याबाई!” पमी ओरडली.

“काय आत्याबाई! किती दिवस झाकायचं गं? मला नाही झाकवत.” त्यांचे डोळे भरून आले आणि त्या टोपीवाल्यांच्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या. ती बिचारी त्यांना थोपटू लागली.

“कधीच म्हणजे?” मी विचारलं.

“आई, बाहेर चल,” पमी म्हणाली.

आम्ही शेडच्या मागं आलो. बागेची छाटणी नुकतीच झाली होती, मांडवावर पान म्हणून नव्हतं. सावली होती ती भिंतीची, हातभर. तिच्यात आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो.

“बातमी आहे का, म्हणत होतीस ना?” पमी म्हणाली. “हीच आहे. मूल नाही होणार, आई. आम्ही थांबलो. आता डॉक्टर नाहीत, सुया नाहीत, नवस नाहीत.”

“थांबलो म्हणजे काय? वय काय गेलंय तुझं? एकदा गेलं म्हणून कुणी…”

“दोनदा.”

“एकदा.”

“दोनदा, आई. दुसऱ्या वेळचं तुला कळवलं नाही.”

“का?”

ती मांडवाच्या तारांकडं बघत राहिली. “पहिल्या वेळी मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा तू आली होतीस. आठवतंय? तांब्या घेऊन. दिवसभर माझ्या उशाशी बसलीस. दुपारीच तुझं पाणी संपलं. तरी तशीच बसलीस, माझ्या कपाळावरून हात फिरवत. मी पडल्या पडल्या तुझे ओठ बघत होते. फुटले होते. मला वाटायचं, मी नीट असते तर माझी आई एक घोट पाणी प्याली असती.”

माझा हात आपोआप ओठांकडं गेला.

“म्हणून दुसऱ्या वेळी नाही कळवलं. आत्याबाई होत्या जवळ. त्यांनी केलं सगळं.” ती माझ्याकडं वळली. “आता मूल नाही म्हणजे तू कधीच पिणार नाहीस. मरेस्तोवर माझ्या घरी येशील आणि पाव्हण्यासारखी कोरडी जाशील. तसंच असेल तर तसं सांग. आज सांग. मग मी पुन्हा कधी पी म्हणणार नाही.”

लेक हट्ट करते तेव्हा तिचा आवाज चढतो, आणि तो मला पाठ होता. हा तो नव्हता. ती रडतही नव्हती. मी नाही म्हणाले असते तर तिनं मान डोलावली असती, मला गाडीत बसवून दिलं असतं, आणि नंतर ती मला फोन करत राहिली असती, दर रविवारी, शेजारणीनं करावा तसा.

तेवढ्यात कोपऱ्यावरून द्वारकाबाई आल्या. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला ग्लास. निम्मं पाणी साडीवर. त्यांच्या मागं जावईबापू, आई पडेल म्हणून हात पसरून.

“मी बोलून गेले,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मला ओरडा तुम्ही. पण पोरीला काही बोलू नका. तिनं फार सोसलंय.”

“तुम्ही होतात ना तिच्याजवळ?” मी विचारलं.

“होते. मी नाही तर कोण असणार?”

मी त्यांच्या पांढऱ्या डोक्याकडं बघितलं. मग जावईबापूंकडं.

“जावईबापू, आमची रीत काय आहे?”

ते गडबडले. “मूल होईपर्यंत लेकीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही.”

“का नाही प्यायचं?”

“ते… रीत आहे म्हणून.”

“एवढे शिकलात आणि हे माहीत नाही? अहो, ही रीत वाट बघणाऱ्यांची आहे. वाट बघायची तोवर पाणी बंद. आता तुम्ही वाट बघताय का?”

“नाही,” ते म्हणाले.

“पमे, तू?”

“नाही, आई.”

“नक्की ना? परत फिरायचं नाही.”

“नक्की.”

“विहीणबाई, तुम्ही?”

“मी तर कधीच सोडली,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“मग वाट बघणारी मी एकटीच राहिले. आणि मी पण आता सोडली. वाट बघणं संपलं, रीतही संपली. द्या तो ग्लास.”

“पण मामी,” जावईबापू म्हणाले, “तसं नियमानं बघायला गेलं तर मूल नाही झालं याचा अर्थ उलट…”

“अहो, तुम्ही गप्प बसा हो!” पमी इतक्या जोरात ओरडली की शेडमधून टोपीवाले बाहेर डोकावले.

“आणि असं ठरवलं कुणी?” द्वारकाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “ही रीत मोडायची तर कुणाला विचारावं लागतं?”

“आमच्या घरात रीत मीच सांगते. आणि मोडलेली नाही. पुरी झाली.”

मी ग्लास घेतला. मी नेहमी वरून पिणारी. त्या दिवशी ग्लास तोंडाला लावला, ओठ टेकवून, उष्टा करून. अर्धा ग्लास होता, तो संपला. पमीनं आत जाऊन दुसरा आणला, तोही संपला. तिसऱ्याला मी श्वास घेतला.

“पाणी जड आहे तुमचं,” मी म्हणाले. “यात डाळ शिजत नसेल.”

द्वारकाबाईंनी डोळे पुसले. “शिजत नाही? काय म्हणता? चला, दाखवते. चला आत!”

त्यांनी सगळ्यांपुरता डबा आणला होता. काळ्या मसाल्याची वांगी, वरण, टोपलीभर बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पांढऱ्या कापडाच्या टेबलावर ग्लास बाजूला सारून त्यांनी मला ताट वाढलं. वाढताना वरण कापडावर सांडलं. ते वाईननं की कशानं, ते मी विचारलं नाही. मुंबईची माणसं भिंतीकडंनं बघत उभी होती. मी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्यात बुडवला, तोंडात घातला, आणि सावकाश चावला. या वेळी गिळला. नऊ वर्षं या बाईच्या स्वयंपाकाचं कौतुक गावभर ऐकलं होतं, आणि मला एका शब्दानं नाव ठेवता आलं नव्हतं.

“मीठ कमी आहे,” मी म्हणाले.

“कमी?” द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पदर अजूनही खांद्यावरच होता. “आजवर कुणी म्हटलं नाही!”

“आजवर मी जेवले नव्हते.”

“पारनेरला मीठ जास्त खातात. म्हणून तुमचा स्वभाव असा.”

“आणि वांगी जून आहेत.”

“सकाळी तोडलीत, मळ्यातली!”

“मळ्यातली असली म्हणून कोवळी होतात होय? आणि हा मसाला भाजला कुणी? करपलाय की.”

“मीच भाजला! चुलीपाशी उभं राहून! तुम्ही येणार म्हणून ताजा केला, दर वेळी करते, आणि दर वेळी तुम्ही आपली दशमी सोडून बसता!”

“मग आता खातेय ना? खाऊ द्याल की नाही?”

“खा ना! कुणी धरलंय?”

पमी आमच्या मधोमध बसली होती. ती आमच्यापैकी कुणाकडं बघत नव्हती, कुणाची बाजू घेत नव्हती. ताटावर वाकून जेवत होती, भराभर, लहानपणी शाळेतून आल्यावर जेवायची तशी. तिच्यापुढची भाकरी संपली.

“भाकरी,” ती म्हणाली.

आमच्या दोघींतल्या कुणाला म्हणाली कोण जाणे. दोघींचेही हात एकदमच टोपलीकडं गेले.